वृक्षाम्ल अर्थात कोकम : आहारद्रव्य, औषधिद्रव्य आणि नामसादृश्यातून होणारे घोटाळे

कोकणात व गोमंतकात ज्याच्या परसात रातांब्याचे झाड नाही असे जुने घर विरळाच. आमटीत आमसूल, जेवणाच्या शेवटी सोलकढी, वैशाखात अमृत कोकम आणि पावसाळ्यात पायांच्या भेगांना कोकमतेल, असा या वृक्षाचा संबंध वर्षभर येत असतो. घरोघरी वापरले जाणारे द्रव्य म्हणून वैद्यवर्गाचे त्याच्याकडे काहीसे दुर्लक्षच होते. 'कोकम ना? घ्या, पित्तावर चांगले असते' एवढ्यावर आपण विषय संपवतो. या एका वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला 'पित्त' या शब्दाचा व दुसरा 'कोकम' या शब्दाचा. त्यातील दुसऱ्या गैरसमजामुळे प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली. तिचा वृत्तांत पुढे येईलच. तत्पूर्वी द्रव्याचा परिचय क्रमाने करून घेऊ.

वृक्षपरिचय

कोकमाचे वनस्पतिशास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, कुल क्लुसिएसी. पश्चिम घाट व त्याच्या पायथ्याचा किनारी प्रदेश ही याची मूळ भूमी होय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, गोवा आणि कर्नाटकातील कारवारची बाजू येथे हा मुबलक आढळतो. वृक्ष सदाहरित, मध्यम उंचीचा, निमुळत्या शेंड्याचा असून फांद्या खाली झुकलेल्या असतात. कोवळी पालवी तांबूस, तर जून पाने गर्द हिरवी व चकचकीत असतात. फुलोरा हिवाळ्यात येतो आणि फळे एप्रिलपासून जूनच्या प्रारंभापर्यंत पिकतात. पिकलेले फळ जांभळट लाल, लहान लिंबाएवढे, आत पांढऱ्या आंबटगोड गरात पाच ते आठ बिया असलेले असते.

या झाडात नर व मादी असा भेद आहे. बियांपासून केलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळण्यास फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते. त्यामुळे बागायतदार या पिकाकडे वळत नसत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मृदुकाष्ठ कलमाची पद्धत रूढ केली, तसेच 'कोकण अमृता' व 'कोकण हातिस' या जाती दिल्या. त्यामुळे खात्रीची मादी कलमे लावणे शक्य झाले. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तरीही बरेचसे फळ आजही परसातील व रानातील झाडांवरूनच उतरवले जाते. पावसाची पहिली सर आली की उरलेले फळ झाडाखालीच कुजते. औषधिनिर्मात्याने ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, वर्षभराची साल मे महिन्यातच घेऊन ठेवली पाहिजे.

कोकणात फळाला रातांबा, सुकवलेल्या सालीला आमसूल किंवा सोल, तर दक्षिण कोकण व गोव्यात फळाला भिरंड म्हणतात. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधिविषयक ग्रंथात या फळाचा उल्लेख आहे. त्यातील पोर्तुगीज नाव या भिरंड शब्दावरूनच आलेले दिसते.

नामनिश्चिती

संहिता व निघंटूंतील वृक्षाम्ल म्हणजे कोकम, हे मत महाराष्ट्रातील वैद्यपरंपरेत सर्वमान्य आहे. अडचण पर्यायनामांमुळे निर्माण होते. वृक्षाम्लास निघंटूंत तिंतिडीक, चुक्र, अम्लवृक्ष अशी नावे आहेत. तिंतिडीक हेच नाव कोणी चिंचेस देतात, तर उत्तरेकडील काही बाजारांत समाक या वेगळ्याच द्रव्याची आंबट फळे त्या नावाने मिळतात. चरकोक्त यवानीषाडव चूर्णात तिंतिडीक व अम्लवेतस हे दोन्ही घटक आहेत. हे चूर्ण बनविणाऱ्या तीन निर्मात्यांनी तीन निरनिराळी द्रव्ये घातली, तरी प्रत्येकाला ग्रंथाधार दाखविता येईल, अशी स्थिती आहे.

अम्लवेतसाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ईशान्येकडील, विशेषतः आसामातील ठेकेरा, म्हणजे गार्सिनिया पेडंक्युलाटा याच्या फळांच्या सुकलेल्या फोडी अम्लवेतस म्हणून येतात. काही बाजारांत रेवंदचिनीचे देठ त्याच नावाने विकले जातात. आपल्याकडे ठेकेरा सहज मिळत नाही म्हणून अम्लवेतसाऐवजी आमसूल घालण्याची प्रथा पडली आहे.

चरकाचार्यांच्या मनात मात्र या दोन द्रव्यांविषयी संभ्रम नव्हता. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायातील हृद्य दशेमानीत आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द यांच्याबरोबर वृक्षाम्ल व अम्लवेतस ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे गणली आहेत. दहा द्रव्यांच्या गणात एकाच द्रव्याची दोनदा गणना संभवत नाही. शिवाय अग्र्यसंग्रहात भेदनीय, दीपनीय, अनुलोमिक व वातश्लेष्महर द्रव्यांत अम्लवेतस श्रेष्ठ सांगितला आहे. भेदन करणारे द्रव्य आणि पक्वावस्थेत संग्राही असणारे वृक्षाम्ल ही एकमेकांची प्रतिनिधी कशी होतील, याचा विचार चूर्ण कुटण्यापूर्वी झाला पाहिजे. मलावष्टंभयुक्त गुल्माच्या रुग्णास अम्लवेतसाचा कल्प दिला आणि त्यात प्रत्यक्षात आमसूल असेल, तर अपेक्षित अनुलोमन न मिळाल्यास दोष ग्रंथाचा नव्हे.

गुणकर्म

भावप्रकाशादी निघंटूंनी कच्च्या व पक्व फळाचे गुण वेगळे दिले आहेत. कच्चे फळ अम्ल, उष्ण, वातघ्न, परंतु कफपित्त वाढविणारे. पक्व फळ अम्ल, किंचित् तुवर, उष्ण, रुचिकर, दीपन व संग्राही. तृष्णा, अर्श, ग्रहणी, गुल्म, शूल, हृद्रोग व कृमी यांत ते उपयुक्त सांगितले आहे. आमसूल हे पक्व फळाच्या सालीचे असते, म्हणून व्यवहारात दुसऱ्या वर्णनाचा आधार घ्यावा.

आधुनिक पृथक्करणानुसार सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल हे प्रमुख आम्ल आहे. लाल रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यांचा असून गार्सिनॉल नावाचे पिवळसर द्रव्यही सालीत असते. बियांत घट्ट स्नेह असतो आणि त्यात स्टिअरिक व ओलिक आम्लांचे प्राधान्य असते.

'पित्तावर कोकम' म्हणजे नेमके काय?

आता पहिल्या गैरसमजाकडे वळू. अम्लरस सामान्यतः पित्तवर्धक आणि त्यास अपवाद दाडिम व आमलकी, असा शास्त्राचा दंडक आहे. त्या अपवादांत वृक्षाम्लाचे नाव नाही. तरीही महाराष्ट्रातील प्रत्येक आजीबाई अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावते व प्यायला देते, आणि त्याचा गुणही येतो. मग चूक कोणाची? लेखकाच्या मते कोणाचीच नाही. घोटाळा शब्दाचा आहे.

अंगावर गांधी उठणे यास लोक 'पित्त' म्हणतात. शास्त्रात ते शीतपित्त वा उदर्द होय. माधवनिदानात याची संप्राप्ती स्पष्ट आहे. शीत वायूच्या संपर्काने कफ व वात दुष्ट होतात आणि पित्तासह त्वचेत व आभ्यंतर पसरतात. शीतपित्तात वाताधिक्य व उदर्दात कफाधिक्य असते. म्हणजे व्याधीच्या नावात पित्त असले तरी आरंभ कफवातांचा आहे. अम्ल, उष्ण, दीपन व कफवातघ्न असे पक्व वृक्षाम्ल तेथे लागू पडावे, हे शास्त्राला धरूनच आहे. आजीबाईचा उपाय बरोबर, फक्त त्याचे स्पष्टीकरण 'कोकम थंड असते' असे नव्हे.

याउलट घशाशी आंबट येणे, छातीत जळजळ, कडू-आंबट वांती यांसही लोक 'पित्त' म्हणतात. तेथे आगळ वा आमसूल सरसकट देणे योग्य नाही. ज्या रुग्णात अग्निमांद्य, जडत्व, अरुची, तोंडास पाणी सुटणे अशी कफानुबंधी लक्षणे आहेत, त्याला जिरे घातलेले कोकमाचे सार दीपन म्हणून उपशय देते. ज्याला स्पष्ट दाह, तृष्णा व रिकाम्या पोटी जळजळ आहे, त्याचा त्रास आंबटाने वाढतो. 'पण सरबताने बरे वाटते' असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्या पेल्यात साखर व थंड पाणी किती होते आणि कोकम किती होते, हे विचारावे. मधुर व शीत गुणांचे श्रेय बहुधा कोकमास दिले जाते.

आहारातील कल्पना

आमसूल : रातांब्याची साल गरापासून वेगळी करून त्याच फळाच्या रसात मीठ घालून भिजवितात व उन्हात वाळवितात. ही भिजवण व वाळवण अनेकदा करतात. चांगले आमसूल काळपट लाल, लवचिक, स्वच्छ आंबट व बियांचे अवशेष नसलेले असते.

आगळ : सालीचा मीठ घालून टिकवलेला रस. सोलकढीसाठी यात नारळाचे दूध, लसूण, मिरची व कोथिंबीर घालतात. अम्लफळे व दूध यांचा संयोग विरुद्ध सांगितला असला तरी तो पशुदुग्धासंबंधी आहे. नारळाचे दूध हा फलस्नेह असल्याने सोलकढीस तो दोष लागत नाही. भात व मासे यांच्या भोजनानंतर ती दीपन-पाचन म्हणून योग्यच आहे.

अमृत कोकम : हा साखरेचा पाक आहे. मधुमेही रुग्णास 'कोकम चालेल' असे सांगताना तो हाच अर्थ घेईल, हे लक्षात ठेवावे.

आगळाच्या बाबतीत एक हिशेब करून पाहावा. टिकाऊ आगळात साधारण शेकडा १५ भाग मीठ असते. चार चमचे, म्हणजे २० मि.लि. आगळात सुमारे ३ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब, शोथ अथवा वृक्कविकार असलेल्या रुग्णास 'हृद्य' म्हणून आगळ सुचवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. अशांना बिनमिठाच्या सुक्या सालीचे सार सांगावे.

हे पदार्थ काचेच्या, चिनी मातीच्या वा चांगल्या स्टेनलेस पोलादाच्या भांड्यात ठेवावेत. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम वर्ज्य.

चिकित्सेतील उपयोग

शीतपित्त : बिनमिठाची साल एक भाग व पाणी सहा भाग या प्रमाणात रात्री भिजवून शार्ङ्गधरोक्त हिम करावा. प्रौढास ५ ते १० ग्रॅम सालीचा हिम जिरेपूड घालून दिवसातून दोनदा विभागून द्यावा. तेच पाणी अंगास लावावे. ओठ, जीभ वा घसा यांस सूज अथवा श्वासास अडथळा असल्यास आमसुलात वेळ न घालवता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

अतिसार व ग्रहणी : आमावस्था संपल्यावर सार व मऊ भात हे संग्राही पथ्य आहे. सामावस्थेत संग्राही द्रव्याची घाई करू नये.

अरुची व तृष्णा : ज्वरमुक्तीनंतर तोंडास चव नसताना सैंधव, जिरे व आल्यासह पातळ सार. तापातून उठलेला रुग्ण प्रथम याच्याबरोबरच भाताचे दोन घास खातो, हा अनुभव सर्वांचा असेल.

कोकमतेल : बिया वाळवून, टरफल काढून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेला स्नेह थंड झाल्यावर घट्ट होतो व त्याचे गोळे वळतात. यास मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. पाददारी, ओठ फुटणे, हिवाळ्यातील रूक्ष त्वचा व गुदप्रदेशी चिरा यांत ते बाह्योपचारार्थ उत्तम आहे. प्रवाहिकेत ऊन मऊ भातावर थोडे तेल वितळवून देण्याची कोकणात परंपरा आहे. औषधिनिर्मात्यांसाठी याचे विशेष मोल असे की, हा स्नेह सुमारे ३८ ते ४२ अंश सेल्सियसला वितळतो. म्हणजे खोलीत तो घट्ट राहतो आणि त्वचेवर चोळताच मऊ होतो. मलम व गुदवर्ती यांच्या आधारासाठी खनिज मेणाऐवजी याचा वापर अधिक व्हावयास हवा.

'गार्सिनिया' आणि एक चूक

आता दुसरा गैरसमज. काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक शिक्षिका लेखकाकडे नेहमीप्रमाणे गुडघेदुखीसाठी आल्या. जाताना त्यांनी एका वजन घटविणाऱ्या कॅप्सूलची बाटली दाखवून 'वैद्यराज, हे घेऊ का?' असे विचारले. बाटलीवर ठळक अक्षरांत 'वृक्षाम्ल' असे होते. दवाखान्यात गर्दी होती. 'कोकमच आहे ते, काही हरकत नाही' असे सांगून लेखकाने पुढील रुग्णास बोलावले. सहाव्या आठवड्यात त्या बाई परत आल्या, तेव्हा थकवा, अन्नद्वेष, गडद मूत्र व डोळ्यांत पिवळेपणा होता. कॅप्सूल तत्काळ बंद करून त्यांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठविले. यकृताच्या तपासण्यांचे आकडे फारच वाढलेले होते. कावीळ उतरण्यास दोन महिने लागले. त्या सोबत हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्याही घेत होत्या, हे नंतर समजले. दोष नेमका कोणत्या गोळीचा हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही. परंतु बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरे न वाचता अनुज्ञा दिली, हा दोष निःसंशय लेखकाचा होता.

बारीक अक्षरांत लिहिले होते : गार्सिनिया कँबोजियाचा घन अर्क, साठ टक्के हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लासाठी प्रमाणित. गार्सिनिया कँबोजिया, ज्यास आता गार्सिनिया गमी-गटा म्हणतात, ते कोकम नव्हे. केरळात माशांच्या कालवणात वापरली जाणारी कुडंपुळी ती हीच. कोकमाची ती भावंड आहे, परंतु वेगळी.

या आम्लाचा इतिहासही आपल्याच देशातील आहे. कँबोजियाच्या फळातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक असल्याचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. पिष्टमय आहारापासून मेद तयार होण्याच्या क्रियेतील एका किण्वास हे आम्ल अडवते, असे पुढे दिसून आले आणि त्यातून वजन घटविण्याच्या औषधांचा मोठा बाजार उभा राहिला. मात्र १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ स्थूल व्यक्तींपैकी एका गटास १२ आठवडे रोज १५०० मि.ग्रॅ. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दिले असता, नुसत्या आभासी गोळीच्या तुलनेत वजनात लक्षणीय फरक आढळला नाही.

लाभ संशयास्पद असताना हानीच्या नोंदी मात्र वाढत गेल्या. २०२२ साली अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या गटाने कँबोजियायुक्त उत्पादनांशी निगडित २२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेकांच्या उत्पादनात हिरवा चहाही होता, पण काहींत नव्हता. २०२५ साली फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने कँबोजियायुक्त पूरके घेऊच नयेत असा सल्ला दिला.

मग आमसूल धोकादायक ठरते काय? तसे समजण्याचे कारण नाही. एका आमसुलाचे वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. त्यातील आम्ल दशांशाच्या आसपास धरले, तर शंभर-दोनशे मिलिग्रॅम होते. त्यातही आमटीतील आमसूल आपण बहुधा ताटाच्या कडेला काढतो. सबंध घरासाठी तीन-चार आमसुले आणि एका व्यक्तीस रोज दीड ग्रॅम शुद्ध आम्ल, ही तुलनाच होऊ शकत नाही. आहारात पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या द्रव्याची निर्धोकता त्याच्या घन अर्कास आपोआप लाभत नाही, दुसऱ्याच वनस्पतीच्या अर्कास तर नाहीच नाही. मात्रा व कल्पना बदलली की द्रव्याचे कर्म बदलते, हे आपल्याच शास्त्राचे सांगणे आहे.

वैद्य व औषधी दुकानदारांस सूचना

१. 'वृक्षाम्ल' अथवा 'गार्सिनिया' असे लिहिलेल्या प्रत्येक उत्पादनावरील वनस्पतिनाम, वापरलेला भाग व अर्काचे प्रमाण वाचूनच ते फळीवर ठेवावे.

२. कँबोजियाचे कॅप्सूल 'कोकमाचे' म्हणून विकू नये. यकृतविकार, मद्यपान, गर्भावस्था, तसेच अन्य औषधे चालू असलेल्या ग्राहकास ते देऊ नये. थकवा, गडद मूत्र वा कावीळ दिसल्यास बंद करून तपासणी करण्यास सांगावे. अशा घटनेची नोंद नजीकच्या औषधसुरक्षा केंद्रास कळवावी.

३. औषधासाठी बिनमिठाची साल व स्वयंपाकाचे आमसूल हे दोन स्वतंत्र डबे असावेत आणि त्यांवर खरेदीचा महिना लिहावा.

४. अम्लवेतसाऐवजी वृक्षाम्ल घातले असल्यास तशी नोंद निर्मितीपत्रकात करावी. प्रतिनिधी द्रव्य वापरणे हा दोष नाही, ते लपविणे हा आहे.

५. 'पित्तासाठी कोकम द्या' असे म्हणणाऱ्यास प्रथम विचारावे, पित्त अंगावर उठले आहे की घशाशी येते आहे?

समारोप

रातांब्याचे झाड कोकणच्या माणसाला स्वयंपाकापासून पायांच्या भेगांपर्यंत सर्वत्र साथ देते. त्याची ओळख नसणाऱ्यापेक्षा 'ठाऊकच आहे' असे मानणाऱ्याकडून त्याचा अधिक दुरुपयोग होतो. वर उल्लेखिलेल्या शिक्षिका आजही लेखकाकडे येतात व कोणतीही नवी बाटली मागची बाजू वर करूनच टेबलावर ठेवतात. आमसुलाची आमटी त्यांच्या घरी पूर्ववत् चालू आहे, आणि ती चालू ठेवण्यास लेखकाने या वेळी पूर्ण विचारान्ती अनुमती दिली आहे.